राखणदाराची विडी

"माझ्या वडिलांनी माणूस मारला, असं ते म्हणतात," हेमा म्हणाली. "मला ते खरं वाटत नाही. पण का वाटत नाही, ते मला सांगता येत नाही."

ज्ञानेश्वरी साळवीने तिला खुर्ची दिली. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ एका दवाखान्याच्या वर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. वीस वर्षं तिने विम्याच्या दाव्यांचा तपास केला होता. आता ती लोकांची खाजगी कामं घेत असे. तिची गाडी यज्ञेश चालवायचा. तो एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला होता. कामाच्या ठिकाणी ती त्याला आत घेऊन यायची, कारण त्याला न समजलेली गोष्ट तो लगेच विचारायचा.

"पहिल्यापासून सांगा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

हेमाने सांगितलं. देवरुखपासून आठ मैलांवर आंबेकोंड नावाचं गाव. तिचे वडील भास्कर गुरुजी, वय बहात्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाची बारा बोअरची बंदूक होती. रानडुकरांनी रताळ्यांचे वाफे उकरले, म्हणून त्यांनी वनखात्याकडून डुक्कर मारायची रीतसर परवानगी काढली होती. पंधरा दिवसांपूर्वी, अमावस्येच्या आदल्या रात्री, त्यांनी बागेतून एक बार टाकला. बॅटरी घेऊन पुढे गेले, तर बांधाजवळ बाबल्या मरून पडला होता.

"बाबल्या कोण?"

"शेजारी. बाबांचा बालमित्र. तो आपल्या वाफ्याची राखण करायला गेला होता. बाबांनीच पोलिसांना फोन केला. जामीन मिळालाय. पण उद्या त्यांना मॅजिस्ट्रेटसमोर कबुलीजबाब द्यायचाय. वकील नको म्हणतात. नीट जेवत नाहीत. बाबल्याकाकांच्या घराकडे तोंडसुद्धा करत नाहीत."

"मग तुमच्या मनात काय येतंय?"

"बाबांनी आयुष्यात न बघता काही केलेलं नाही. एवढंच."

"एवढ्यावर कोर्ट सोडत नाही वो," यज्ञेश म्हणाला.

"कोर्टाचं नंतर बघू," ज्ञानेश्वरीने पर्स उचलली. "दिवस एकच आहे. गाडी काढा."

दुपारच्या आत ते आंबेकोंडला पोचले. भास्कर गुरुजी पडवीत बसले होते. दाढी वाढली होती. उजव्या कानात श्रवणयंत्र होतं.

"हेमाने तुम्हाला उगाच त्रास दिला," ते म्हणाले. "मी केलंय, आणि मी ते सांगितलंय."

"तुम्ही सांगितलं, ते मला परत ऐकायचंय. बंदुकीवर रात्री बघायची दुर्बीण होती म्हणे."

"माझा पुतण्या विनीत घेऊन आला दिवाळीत. जहाजावर नोकरी करतो. त्यानेच बंदुकीवर बसवून दिली. तिचा कागद होता का, ते पोलीस बघतायत."

"कशी चालते ती?"

गुरुजी शिकवायच्या आवाजात बोलायला लागले. विषय आला की त्यांना बोलणं सोपं जात असावं. "दुर्बिणीवर एक छोटा दिवा असतो. त्याचा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. दुर्बिणीला दिसतो. मागे बोटभर पडदा असतो, त्यात चित्र उमटतं. काळं आणि पांढरं. रंग नसतात. दिसतं ते मात्र बोगद्यातून बघावं तसं. आजूबाजूचं काही कळत नाही."

"आणखी काही काळजी घ्यावी लागते?"

"जवळ काही नको. एखादं पान जरी तोंडाशी आलं, तरी उजेड त्याच्यावर आपटून परत येतो आणि सगळं पांढरं होतं. म्हणून बागेच्या दगडी गडग्यावरची रानमोडीची झुडपं विनीतने स्वतः कोयत्याने साफ केली."

"बार टाकताना काय दिसलं?"

"वाफ्यात एक बुटकं, काळं जनावर. मान खाली. मी खात्री केली. निदान मला तसं वाटलं. श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं, कारण बाराचा आवाज त्यात किंचाळतो. चाप ओढला. सगळं पांढरं झालं. तोंडावर काहीतरी बारीक उडालं. दारूचे कण असतील. बऱ्याच वेळाने पडदा निवळला, तेव्हा वाफ्यात काही नव्हतं. कानात नुसती शिट्टी वाजत होती."

"आणि बाबल्या वाफ्यात पडला होता?"

"नाही. त्याच्या पुढे, बांधाशी. पंचवीस-तीस पावलं. पोलीस म्हणाले, लागल्यावर सरपटत गेला असेल."

"नेम धरताना चित्र स्वच्छ होतं?"

"हो. खालच्या कडेला एक पांढरा पट्टा दिसत होता. काचेतच दोष असेल म्हणून मी सोडून दिलं."

ज्ञानेश्वरीने आणखी काही विचारलं नाही. "ती जागा दाखवा," एवढंच म्हणाली.

बागेच्या कडेला जांभ्याच्या चिऱ्यांचा कंबरभर गडगा होता. पावसाळ्यातलं शेवाळ सुकून सगळे चिरे काळे पडले होते. गडग्यापासून हातभर मागे जमिनीत रोवलेलं लाकडी बेचकं होतं आणि त्याच्या मागे एक बसकं स्टूल. त्या बेचक्यावर बंदूक टेकवून गुरुजी बसले होते. पुढे उतारावर रताळ्यांचे वाफे, त्यांच्यापुढे बांध.

ज्ञानेश्वरी स्टुलावर बसली. मग उठून गडग्याच्या पलीकडे गेली, परत आली, खाली वाकली. सगळ्यात वरच्या चिऱ्याच्या आतल्या कडेवरून तिने बोट फिरवलं. बोटाला तांबडी माती लागली. ती रुमालाला पुसून तिने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

"आता रुमाल धुवावा लागणार," यज्ञेश म्हणाला.

"नाही, हा धुवायचा नाही."

वाफ्यांच्या उजव्या हाताला बाबल्याचं घर होतं. डाव्या हाताला ओमकार नावाच्या शेजाऱ्याची आंब्याच्या कलमांची बाग. गडगा या दोहोंच्या मधे, वरच्या अंगाला.

बाबल्याची बायको मथुरा ओटीवर तांदूळ निवडत होती. ज्ञानेश्वरी तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि न विचारता सुपातले खडे वेचायला लागली. अर्धं सूप निवडून झालं.

"त्या रात्री तुम्ही जाग्या होतात?" शेवटी ज्ञानेश्वरीने विचारलं.

"तो राखणीला गेला की मला झोप नाय येत. बार झाला तो ऐकला. बोलले, आज डुक्कर गावला. अडसर काढला नि अंगनात आले."

"मग?"

"मग डोंगरानं आवाज परत दिला. तो तसा देतोच."

"अंगणात आल्यावर दिला?"

"अंगनात हुभी व्हते नि मग दिला."

"त्या मधल्या वेळात काय दिसलं?"

मथुराने सूप खाली ठेवलं. "ते बोलायचं नसतं बाय."

"मी कोणाला नाव घेऊन सांगणार नाही."

मथुराने समोरच्या कलमांकडे बघितलं. "आमच्या शिवेवर राखणदार हाय. नारळ देतो आमी त्याला, विडी ठेवतो. तो रात्रीचा फिरतो शेतातनं. त्या रात्री मना त्याची विडी दिसली. ओमकारच्या बागेत, उंचावर. लाल. मी हात जोडले. बोलले, राखणदार जागा हाय, आमच्या मानसाला काय व्हनार नाय." ती थांबली. "नि तो तिकडं मरून पडला. आता कोनाला काय सांगू?"

"विडी ओढली की विस्तव वाढतो, सोडली की कमी होतो. ही तशी होत होती?"

मथुराने आठवून बघितलं. "नाय. एकसारखी. डोळा रोखून बघितल्यावानी."

"बाबल्यांच्या अंगात काय होतं?"

"निळा सदरा. काळ्यासारखा निळा, शाईसारखा. देवरुखच्या बाजारातनं कापड घेऊन दोन शिवले व्हते. एक पोलिसांनी नेला."

दुसरा सदरा ज्ञानेश्वरीने मागून घेतला. उठताना मथुराने विचारलं, "गुरुजी जेवतात का गो?"

"नाही."

मथुरा पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

अंगणात ज्ञानेश्वरी थांबली. "काका, जोरात ओरडा."

"काय ओरडू?"

"काही पण."

"कंडक्टर, बेल मारा," यज्ञेश ओरडला. त्याने तोंड मिटेपर्यंत समोरच्या डोंगराने बेल मारायला सांगितलं. मथुराने ओटीवरून मान वर करून बघितलं आणि पहिल्यांदाच जरा हसली.

ओमकार आपल्या बागेतच भेटला. पन्नाशीचा, पोट सुटलेला. बाबल्याशी त्याचं वाटेवरून जुनं भांडण होतं, असं हेमाने सांगितलं होतं.

"होतं भांडण," तो म्हणाला. "अकरा वर्षं. रोज सकाळी तो त्या बांधावरून मला शिव्या द्यायचा, मी त्याला. आता सकाळ कशी काढायची, तेच कळत नाही."

"त्या रात्री तुम्ही कुठे होतात?"

"वेळणेश्वरला, सासुरवाडीत. घरभरणी होती. शंभर माणसांनी मला जेवताना बघितलंय. त्यातली निम्मी अजून त्यावरून बोलतात."

"तुमच्याकडे बंदूक आहे?"

"वडिलांची होती, ती मी सरकारजमा केली. या बाजूला दोनच. गुरुजींची, आणि विनीतच्या बापाची. ती विनीतने आपल्या नावावर करून घेतलीय."

"आणि तो माळा?" बांधाच्या समोरच्या जुन्या आंब्यावर फळ्यांचा एक माळा बांधलेला होता.

"वडिलांचाच. आता त्यावर माकडं बसतात."

ज्ञानेश्वरीने यज्ञेशला वर चढवलं. तो कुरकुरत चढला.

"काय दिसतंय?"

"सगळं. बांध, त्याच्या पाठी मथुराबाईंचं अंगण, अगदी सरळ रेषेत. बाबल्याच्या नावाने ठेवलेला दिवासुद्धा दिसतोय ओटीवर. हवा छान आहे."

"समोर पानं येत नाहीत?"

"नाय. समोरची डहाळी कोणीतरी कोयत्याने तोडलीय. खाली लटकतेय. पानं करपलीत."

"तुम्ही तोडलीत?" तिने ओमकारला विचारलं.

"मोहोर यायच्या तोंडावर आंब्याला कोयता लावीन होय मी?" ओमकारला ते खरंच लागलं होतं.

विनीत गुरुजींच्या घरामागे मोटरसायकल धूत होता. तिशीतला, अंगाने भक्कम. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ज्ञानेश्वरीला बघून तो पुढे आला.

"बरं झालं तुम्ही आलात. काका कोणाचं ऐकत नाहीत. मी वकील बघितलाय रत्नागिरीत. वय आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, कान गेलेत. सुटतील ते."

"तुम्ही त्या रात्री कुठे होतात?"

"झोपलो होतो. गडबड ऐकून उठलो."

"प्रेताजवळ गेलात?"

"नाही. मला रक्त बघवत नाही. पंचनाम्यालाही मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी स्मशानात गेलो तेवढाच. आणि काकांचा तरी काय दोष? चांगले डोळे असलेला कोणी असता, तर तो पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाला डुक्कर समजला नसता. काकांना दिसलंच नाही. तेच मी वकिलाला सांगणार आहे."

"दुर्बीण एकच आणली होतीत?"

"एकच. काकांना दिली."

"तुमची बंदूक?"

"मी घरी आल्यापासून कपाटातच आहे. मी जानेवारीत जहाजावर जाणार. मला कशाला लागते?"

तिने त्याचे आभार मानले. गाडीत बसल्यावर यज्ञेश म्हणाला, "पोरगा चांगला आहे. काकांसाठी धावतोय."

"हो," ज्ञानेश्वरी म्हणाली. "धावतोय खरा."

देवरुखच्या पोलीस ठाण्यातले फौजदार तिला ओळखत होते. आगीच्या एका जुन्या विमा-प्रकरणात तिने त्यांचं काम हलकं केलं होतं. त्यांनी मुद्देमालाच्या खोलीत तिला बंदूक बघू दिली, हात न लावता. दुर्बिणीचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

"बाबल्याच्या अंगातले छरे याच बंदुकीचे, हे कशावरून?" तिने विचारलं.

"अशा बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. छऱ्यावर तिची खूण उमटत नाही. मोठ्या छऱ्यांचं एल.जी. काडतूस बारा बोअरच्या कुठल्याही बंदुकीतून उडतं. पण गुरुजी स्वतःच सांगतायत, मग शोधायचं काय?"

दुर्बीण नळीवर एका उंच लोखंडी बैठकीवर बसवलेली होती. ज्ञानेश्वरीने नळी आणि काच यांच्यातलं अंतर आपल्या बोटांनी मोजलं. चार बोटं.

"काका, हा सदरा घाला. आणि त्या भिंतीशी उभे राहा. साहेब, दिवा घालवता का?"

खिडकी आधीच बंद होती. खोलीत मिट्ट काळोख झाला. बंदुकीला हात न लावता ज्ञानेश्वरीने दुर्बिणीला डोळा लावला.

"वा, काका. अगदी नवरदेव दिसताय."

"दुसऱ्याच्या सदऱ्यात?" काळोखातून यज्ञेश म्हणाला. "आणि बाई, तुम्ही तिकडे उदबत्ती लावलीय का?"

"नाही. साहेब, दिवा लावा. आणि संध्याकाळी आंबेकोंडला याल का? गणवेश नको. नुसते मागे उभे राहा."

परतताना तिने हार्डवेअरच्या दुकानातून दीड हात प्लास्टिकचा पाइप आणि एक बारीक नळी घेतली. बारीक नळी तिने पाइपच्या वर चार बोटं उंच बांधायला लावली. यज्ञेशने तार आवळली. "हे काय करायचं, ते सांगणार नाही तुम्ही," तो म्हणाला.

"तुम्हीच बघाल."

दिवेलागणीला अजून तासभर होता. गडग्याजवळ गुरुजी, हेमा, विनीत आणि ओमकार उभे होते. फौजदार मागे कलमाच्या बुंध्याशी होते. गुरुजींना यायचं नव्हतं. हेमाने हाताला धरून आणलं होतं.

"गुरुजी, त्या रात्रीसारखे बसा," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिने तो जोडपाइप बेचक्यावर ठेवला. "वरची नळी म्हणजे दुर्बीण. खालचा पाइप म्हणजे बंदूक. अंतर तेवढंच आहे. वरच्या नळीतून वाफा बघा. दिसतो?"

गुरुजींनी बघितलं. "दिसतो."

"हलवू नका. आता खालच्या पाइपातून बघा."

गुरुजी खाली वाकले. तसेच वाकलेले राहिले.

"काय दिसतं, गुरुजी?"

"चिरा," ते म्हणाले.

"नेम गडग्यावरून गेला. छरे नाही गेले. डोळा जिथून बघतो, त्याच्या चार बोटं खाली नळीचं तोंड होतं. दिवसा ही चूक कोणी करत नाही, कारण समोरचा गडगा डोळ्याला दिसतो. रात्री नुसतं दुर्बिणीतलं दिसतं. तुम्हाला खालच्या कडेला पांढरा पट्टा दिसत होता. तो काचेचा दोष नव्हता. तो गडगाच होता, दुर्बिणीच्या दिव्यात उजळलेला."

तिने वरच्या चिऱ्याच्या आतल्या कडेला बोट लावलं. काळ्या शेवाळात एक ओबडधोबड खळगा होता, आतून तांबडा. "सगळे छरे इथेच बसले. हातभर अंतरावरून बंदुकीतले छरे पसरत नाहीत, एका मुठीत येतात. फौजदारसाहेब उद्या चिरा फोडतील, आतून ते निघतील. चिऱ्याची भुकटी उडाली, म्हणून तुमच्या तोंडावर काही आलं. तीच धूळ दुर्बिणीच्या तोंडापुढे होती, म्हणून सगळं पांढरं झालं."

"पण बाबल्या मेला," गुरुजी म्हणाले.

"मेला. दुसऱ्या बाराने. मथुराबाईंनी पहिला बार ऐकला, अडसर काढला, अंगणात आल्या, काही वेळ उभ्या राहिल्या, आणि मग आवाज आला. त्यांना तो डोंगराचा पडसाद वाटला. यज्ञेशकाका दुपारी तिथून ओरडले. तोंड मिटायच्या आत पडसाद आला. अडसर निघेपर्यंत डोंगर थांबत नाही. तुम्ही तो दुसरा बार ऐकला नाही, कारण श्रवणयंत्र खिशात होतं."

"दुसरा कोणी टाकला?" हेमाने विचारलं.

"एका बाईला त्या वेळी ओमकारच्या कलमांत, उंचावर, एक लाल ठिपका दिसला. तिला ती विडी वाटली. पण ओढल्यावर विडी वाढते, सोडल्यावर मंदावते. हा ठिपका एकसारखा होता. या दुर्बिणींचा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण दिव्याकडे सरळ बघितलं, तर आत बारीक लाल दिसतं. दुपारी ठाण्यातल्या काळोखात यज्ञेशकाकांना ती उदबत्ती वाटली. तो ठिपका फक्त दिव्याच्या समोर असलेल्या माणसालाच दिसतो. म्हणजे दुर्बीण त्या बाईच्या रोखाने होती. तिच्या अंगणातून बांधावरून सरळ रेघ ओढली, तर ती माळ्यावर जाते. गुरुजींची दुर्बीण या गडग्यामागे होती, ती त्या अंगणाच्या रोखाने नव्हतीच. दुसरी एक दुर्बीण होती."

"माझ्या माळ्यावर?" ओमकार म्हणाला.

"समोरची डहाळी तोडून. साधी बंदूक घेऊन बसलेला माणूस पानाआडच बसतो. समोरची पानं काढतो तो फक्त ही दुर्बीण वापरणारा. या गडग्यावरची रानमोडी ज्याने काढली, त्याला ते ठाऊक होतं."

आता कोणी विनीतकडे बघितलं नाही. तोच बोलला. "दुर्बीण मी आणली, म्हणून माझ्यावर येणारच. गावात कोणालाही ते माहीत असेल."

"असेल," ज्ञानेश्वरी म्हणाली. "म्हणून मी त्यावर थांबले नाही. बाबल्याच्या सदऱ्याचा रंग सांगा, हेमा."

"गडद निळा. पंचनाम्याच्या वेळी मी कंदील धरला होता. काळाच वाटत होता."

"मथुराबाई तेच म्हणतात. पंचनाम्यात तेच आहे. विनीत, तुम्ही म्हणालात, पांढरा सदरा."

विनीतने हेमाकडे वळून बघितलं.

"काही गडद कापडं या दुर्बिणीत पांढरी दिसतात. त्या न दिसणाऱ्या उजेडाला कापडाचा रंग अडवत नाही. त्याच कापडाचा दुसरा सदरा मी यज्ञेशकाकांना घालून बघितला. काळोखात ते नवरदेवासारखे पांढरे दिसले. बाबल्याला त्या रात्री पांढऱ्या सदऱ्यात एकच माणूस बघू शकतो. आणि गुरुजी, तुम्हाला वाफ्यात काळं जनावर दिसलं. तो बाबल्या असता, तर तुमच्या दुर्बिणीतही पांढरा दिसला असता. तुम्ही बघितलं ते डुक्करच होतं. तुम्ही नीट बघितलं होतं."

मग विनीत गडग्यावर बसला.

"दोन आणल्या होत्या," तो म्हणाला. "काकांना परवानगी होती, मला नव्हती. मला नुसती वापरून बघायची होती. काकांच्या बाराने डुक्कर बिथरलं आणि माझ्याच रोखाने खाली आलं. बांधाशी आलं तेव्हा मी चाप ओढला. डुक्कर बाजूला झालं. त्याच्या मागे काहीतरी पांढरं होतं. ते खाली बसलं."

"उतरला का नाहीस?" हेमाने विचारलं.

"उतरलो. तोवर काकांची बॅटरी आली होती. काका म्हणत होते, मी मारलं, मी मारलं. इतक्या खात्रीने म्हणत होते, की मलाही थोडं खरं वाटायला लागलं."

गुरुजी स्टुलावरून उठले. त्यांना उठायला वेळ लागला.

"पंधरा दिवस तू माझ्यासमोर पानावर बसत होतास," ते म्हणाले.

"हो, काका."

"मी जेवत नव्हतो. तू आग्रह करत होतास."

विनीत गडग्यावरून उठला.

"उद्या देवरुखला जायचंच आहे," गुरुजी म्हणाले. "मी बरोबर येईन. जे झालं ते तसंच लिही. कमी नको, जास्त नको. तुझ्या हातून ते चुकून झालं, हे मी सांगेन. पुढचे पंधरा दिवस चुकून झाले, असं मात्र मला सांगता येणार नाही."

फौजदार पुढे आले. विनीत आपणहून त्यांच्याबरोबर चालू लागला. ओमकारने जाताना माळ्याकडे एकदा बघितलं आणि तो घरी गेला.

"चला बाबा," हेमा म्हणाली. "घरी चला. थोडं खाऊन घ्या."

"आधी तिकडे," गुरुजी म्हणाले.

ते उतारावरून खाली निघाले. हेमाने हात धरला, तो त्यांनी हळूच सोडवला. ज्ञानेश्वरी आणि यज्ञेश मागून गेले आणि अंगणाच्या बाहेरच थांबले.

मथुरा ओटीवर होती. गुरुजी पायरीपाशी उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "माझ्या हातून झालं नाही ते."

"ते मागनं सांगा," मथुरा म्हणाली. "पंधरा दिवस मी वाट बघते."

"कशी येणार होतो? मला वाटत होतं, मीच—"

"तुमच्या हातनं झालं असतं तरी यायचं व्हतं. माझं लगीन झालं तेवा तो बावीस वर्षांचा. त्याच्या आधीचा बाबल्या मी बघितला नाय. तो आता तुमच्याशिवाय कोनाला ठाऊक हाय? तुमी पन आला नाय, तर मना कोन सांगनार?"

गुरुजी पायरीवर बसले. मथुराने घाई केली नाही.

"दुसरीत असताना," ते म्हणाले, "त्याने माझी पाटी फोडली होती."

"का वो?"

"माझं गणित बरोबर आलं होतं म्हणून."

"तसाच व्हता," मथुरा म्हणाली, आणि जरा सरकून जवळ बसली.